फ्रंट ऑफिसमधील इन्व्हेस्टमेंट बँकिंग : यवतमाळच्या गावातून सुरुवात कोणत्या दाराने करावी?

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात राहतो आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शिकतो. आतापर्यंतच्या सत्रांत अडुसष्ट टक्क्यांच्या आसपास गुण आहेत, बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे आणि घरी कापूस व तुरीची कोरडवाहू शेती आहे.

नागपूरच्या एका खासगी संस्थेचे प्रतिनिधी आमच्या महाविद्यालयात आले होते. त्यांच्याकडे ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग’ या नावाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. शुल्क दीड लाखाच्या वर असून नोकरीची शंभर टक्के हमी सांगितली जाते. कंपन्यांचे विलीनीकरण, आयपीओ (कंपनीने पहिल्यांदा जनतेला शेअर विकणे), मोठमोठे व्यवहार यांविषयी ते बोलले, त्यामुळे मी फार प्रभावित झालो. परंतु घरी येऊन माहितीपत्रक शांतपणे वाचले तेव्हा त्यात ‘ट्रेड लाइफ सायकल, केवायसी, रिकन्सिलिएशन, सेटलमेंट’ असे विषय दिसले. फ्रंट ऑफिस हा शब्द प्रतिनिधींच्या तोंडी होता, कागदावर कुठेच नाही.

वडील या हंगामातील कापसाच्या चुकाऱ्यातून अर्धे पैसे द्यायला आणि उरलेल्यांसाठी कर्ज काढायला तयार आहेत, म्हणून निर्णय घेण्याआधी येथे विचारतो. या अभ्यासक्रमातून फ्रंट ऑफिसला जाता येते का? येत नसेल, तर माझ्यासारख्या विद्यार्थ्याने नेमकी कोठून सुरुवात करावी?

कोरपना_ते_मुंबई

माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचले हे फार चांगले केले, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. तुम्ही लिहिलेले चारही विषय व्यवहार ठरून गेल्यानंतरच्या कामाचे आहेत. शेअर आणि पैसे ठरलेल्या दिवशी ठरलेल्या खात्यात पोचले का, दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळतात का, ग्राहकाची ओळख तपासली आहे का, हे पाहणे म्हणजे बॅक ऑफिस. जोखीम मोजणारे आणि नियमपालन पाहणारे विभाग मधल्या फळीत येतात. फ्रंट ऑफिस म्हणजे ग्राहकासमोर बसून व्यवहार मिळवणारे, तो घडवणारे आणि त्याचे शुल्क कमावणारे लोक. त्यात कंपन्यांची खरेदी-विक्री व विलीनीकरण यांचा सल्ला, शेअर किंवा रोख्यांतून भांडवल उभारणी, आणि मोठ्या गुंतवणूकदारांसाठीची विक्री व ट्रेडिंग अशी तीन मुख्य कामे मोडतात. आयपीओसारख्या कामांसाठी आपल्याकडे सेबी या शेअरबाजाराच्या नियामक संस्थेकडे मर्चंट बँकर (असे व्यवहार हाताळणारी संस्था) म्हणून नोंदणी लागते. त्यासंबंधीचे विनियम १९९२ चे आहेत.

हे काम काय असते ते मी आमच्या भागातील सिमेंट कारखान्यांवरून सांगतो, कारण चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर परिसराइतके चांगले उदाहरण मला मुंबईतही सापडलेले नाही. आवारपूरचा कारखाना मूळचा लार्सन अँड टुब्रोचा. २००४ मध्ये त्या कंपनीचा सिमेंट व्यवसाय वेगळा काढण्यात आला, त्याचे नियंत्रण ग्रासिमकडे गेले आणि अल्ट्राटेक हे नाव पुढे आले. शेजारचा माणिकगड सिमेंट कारखाना सेंचुरी टेक्स्टाइल्सचा होता. त्या कंपनीचा सिमेंट व्यवसायही २०१९ मध्ये अल्ट्राटेकमध्ये आला, आणि सेंचुरीच्या दर ८ शेअरमागे भागधारकांना अल्ट्राटेकचा १ शेअर मिळाला. उपरवाहीचा मराठा सिमेंट कारखाना अंबुजाचा. अंबुजा आणि एसीसी या दोन्ही सिमेंट कंपन्यांमधील होल्सिम या परदेशी कंपनीचा हिस्सा २०२२ मध्ये अदानी समूहाने घेतला. गावातल्या माणसाला फाटकावरची पाटी तेवढी बदललेली दिसली. त्या पाटीमागे काय घडले ते फ्रंट ऑफिसचे काम.

आठास एक हे प्रमाण आले कोठून? दोन्ही व्यवसायांचे स्वतंत्र मूल्य काढावे लागते. पुढील वर्षांत हाती येणारी रोख आजच्या किमतीत आणून, तशाच इतर सूचीबद्ध (शेअरबाजारात नोंदलेल्या) कंपन्यांच्या भावांशी ताडून आणि पूर्वी झालेल्या व्यवहारांत प्रतिटन क्षमतेला किती किंमत मिळाली ते पाहून एक पट्टा ठरतो. व्यवसायावरचे कर्ज कोणाकडे जाणार हे त्यात मिसळावे लागते. मग दोन्ही बाजूंचे सल्लागार त्या पट्ट्यात घासाघीस करतात, आणि ठरलेले प्रमाण न्याय्य आहे असे मत एखादा स्वतंत्र मर्चंट बँकर लेखी देतो.

अंबुजाच्या व्यवहारात आणखी एक अंग होते. सूचीबद्ध कंपनीतील २५ टक्के किंवा त्याहून अधिक मतदानाचा हक्क घेणाऱ्याने उरलेल्या भागधारकांकडून किमान २६ टक्के शेअर विकत घेण्याचा खुला प्रस्ताव द्यावा, असा सेबीचा २०११ चा नियम आहे, आणि त्या प्रस्तावाचे व्यवस्थापन मर्चंट बँकरलाच करावे लागते. अंबुजासाठी ३८५ रुपये आणि एसीसीसाठी २,३०० रुपये असा भाव देण्यात आला होता. पण प्रस्ताव खुला झाला तोवर बाजारभाव त्याच्या वर गेला होता, त्यामुळे फार थोड्या भागधारकांनी शेअर दिले. भाव केव्हा आणि कोणत्या आधारावर बांधला जातो, हे समजण्यासाठी या प्रस्तावाचे कागद जरूर वाचावेत.

बाजार समितीतला अडत्या विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला समोरासमोर आणून आपली अडत घेतो, तसे या धंद्याचे मूळ आहे. मात्र येथे मालाचा भाव फळ्यावर लिहिलेला नसतो, तो सिद्ध करून दाखवावा लागतो. नव्या माणसाची पहिली काही वर्षे याच सिद्ध करण्यात जातात. कंपनीचे आर्थिक मॉडेल एक्सेलमध्ये बांधणे, ग्राहकापुढे ठेवायचे सादरीकरण तयार करणे, कंपनीचे करार, खटले आणि कर्जाचे कागद तपासणाऱ्या वकिलांच्या व लेखापालांच्या मागे लागून माहिती गोळा करणे, आणि एका आकड्यात झालेला बदल शंभर पानांत सगळीकडे उतरला आहे ना ते रात्री पाहणे. हाक मारली की हजर राहावे लागते. आयपीओचा मसुदा सेबीकडे दाखल होण्याच्या आठवड्यात दिवस-रात्र असा भेद उरत नाही, आणि पेरणी असो की वेचणी, त्या आठवड्यात गावी येता येत नाही. हे घरी आधीच सांगून ठेवावे.

या कामासाठी माणसे कोठून घेतली जातात, तर मुख्यतः दोन दारांतून. एक म्हणजे अहमदाबाद, बंगळूरु, कोलकाता येथील आयआयएम आणि तशाच मोजक्या संस्थांमधून एम.बी.ए. केलेले विद्यार्थी. दुसरे म्हणजे चांगल्या गुणांनी, शक्यतो पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेले चार्टर्ड अकाउंटंट. सहा महिन्यांच्या खासगी प्रमाणपत्रावर सल्ला विभागात घेतलेला मुलगा मी तरी पाहिलेला नाही. दीड लाख रुपये देऊ नका.

हिंजवडीतील_वऱ्हाडी

कोरपनावाल्या दादांचे म्हणणे बरोबर आहे, तरीही दुसरी बाजू नोंदवते, कारण मी ते काम करते. मी मूळची कारंजा लाडची असून पुण्यात एका परदेशी बँकेच्या केंद्रात सेटलमेंट विभागात आहे. बँकेचे नाव जगप्रसिद्ध असल्यामुळे गावात सगळे मला ‘इन्व्हेस्टमेंट बँकेत’ असल्याचे सांगतात, आणि ते खोटेही नाही. पण आमच्या केंद्रातून कोणत्याही कंपनीचे विलीनीकरण ठरत नाही. आमच्याकडे व्यवहार येतो तेव्हा तो लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये झालेला असतो, म्हणून पाळ्याही तिकडच्या घड्याळाप्रमाणे चालतात.

या कामाला कमी लेखू नये असे मला मनापासून वाटते. नोंद चुकली तर बँकेला दंड बसतो. भारतात जानेवारी २०२३ पासून शेअरबाजारातील शेअरांचे व्यवहार साधारणपणे दुसऱ्याच कामकाजी दिवशी पूर्ण होतात, म्हणजे चूक शोधायला एक रात्र हाती असते. पगार वेळेवर होतो, माझ्या धाकट्या बहिणीचे शिक्षण त्यातून झाले आणि आईच्या नावावर आम्ही घर बांधले. ज्याला स्थिर नोकरी हवी त्याने हा मार्ग जरूर घ्यावा. त्यासाठी मात्र दीड लाखाचा अभ्यासक्रम लागत नाही. आमच्या चमूतील बहुतेक जण बी.कॉम. किंवा बी.बी.ए. होऊन थेट मुलाखतीतून आलेले आहेत.

अडचण तेव्हा येते, जेव्हा मुलगा बॅक ऑफिसला पायरी समजून आत येतो आणि दोन वर्षांनी वर चढण्याची वाट पाहतो. असे बदल क्वचित होतात. दोन्ही विभागांची शहरे वेगळी, भरती करणारी माणसे वेगळी, आणि गोपनीय माहिती इकडून तिकडे जाऊ नये म्हणून मध्ये मुद्दाम उभी केलेली भिंतही असते. माझ्या ओळखीतले जे एक-दोघे पलीकडे गेले, त्यांनी नोकरी सोडून आधी एम.बी.ए. केले.

त्या संस्थेकडे एवढेच मागा, की मागील तुकडीतील मुलांच्या नियुक्तिपत्रांवर पदाचे नाव आणि विभाग काय आहे ते दाखवा. विद्यार्थ्याचे नाव झाकून दाखवले तरी चालेल. ते दाखवत नसतील तर हमी कशाची दिली जाते, हा प्रश्न उरतोच.

वाणिज्य_शिक्षक_वाशीम

मी वाशीम जिल्ह्यातील एका महाविद्यालयात लेखाशास्त्र शिकवतो. धागाकर्त्यासारखी मुले दरवर्षी माझ्यासमोर बसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या मुलांची अडचण बुद्धीची नाही. ती ताळेबंद तयार करतात, परंतु खऱ्या कंपनीचा ताळेबंद त्यांनी पाहिलेला नसतो. पाठ्यपुस्तकातल्या कंपनीवर कर्ज असते, पण ते कर्ज कोणी, किती व्याजाने आणि कशासाठी दिले हे विचारण्याची सवय लागत नाही. वास्तविक सूचीबद्ध कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअरबाजारांच्या संकेतस्थळांवर आणि आयपीओचे मसुदे सेबीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजचा अहवाल घ्या, जिची स्फोटके आपल्याच भागातील कोळशाच्या खाणींत वापरली जातात. घुग्घूसला कारखाना आणि गडचिरोलीत सूरजागडची लोहखाण असलेल्या लॉईड्स मेटल्सचा घ्या. नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची उपकंपनी आहे, आणि कोल इंडियाचा २०१० मधील आयपीओ सुमारे १५,२०० कोटींचा, तोपर्यंतचा देशातील सर्वांत मोठा होता. ज्या खाणीत आपला काका काम करतो, तिच्याबद्दल गुंतवणूकदारांना कोणते धोके सांगितले गेले, हे वाचताना माझे विद्यार्थी प्रथमच माहितीपत्रक मन लावून वाचतात.

इंग्रजीबद्दल सांगायचे तर या व्यवसायाचा सारा लेखी व्यवहार इंग्रजीत चालतो, त्यातून सुटका नाही. पण त्यासाठी फर्ड्या संभाषणाच्या वर्गाला जाण्यापेक्षा अहवालातील ‘व्यवस्थापनाचे विश्लेषण’ हा भाग दररोज दोन पाने वाचून त्याचा पाच ओळींचा गोषवारा स्वतःच्या इंग्रजीत लिहिणे अधिक उपयोगी पडते. मुलाखतीत याच ओळी कामाला येतात.

अंजनगाव_सुर्जी

सी.ए.पेक्षा एम.बी.ए.चे दार मोठे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सी.ए. होऊनही बहुसंख्य मुले लेखापरीक्षण आणि करांच्या कामातच राहतात. सल्ला विभागात पोचणारे थोडे. मोठ्या आयआयएममध्ये मात्र बँका स्वतः दारात येतात. तेथील शुल्क वीस लाखांच्या वर आहे हे खरे, पण त्या संस्थांसाठी बँका तारण न घेता शैक्षणिक कर्ज देतात, त्यामुळे सातबारा गहाण ठेवण्याची वेळ येत नाही. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचे शुल्क तर त्याच्या तुलनेत फारच कमी आहे, आणि तेथे राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. केंद्रीय संस्थांमध्ये अनुसूचित जातींसाठी १५, अनुसूचित जमातींसाठी ७.५, इतर मागासवर्गासाठी २७ आणि आर्थिक दुर्बल घटकासाठी १० टक्के जागा राखीव असतात. नॉन-क्रिमिलेअर किंवा उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो, त्यासाठी सेतू केंद्रात कॅटचा (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा) अर्ज भरण्याआधीच जावे. आपल्याकडची मुले येथेच मागे पडतात.

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी संस्थेला फोन करून नियुक्तिपत्रांविषयी विचारले. ‘प्रवेश घेतल्यावर दाखवू’ असे उत्तर मिळाले. वडिलांना तेच शब्द सांगितले आणि तो विषय आमच्या घरी संपला.

आता दोन प्रश्न उरतात. कॅटसाठी एक वर्ष पूर्णवेळ तयारी करून मोठी संस्था मिळाली नाही, तर हाती काहीच राहणार नाही याची भीती वाटते. दुसरे असे की नागपूरमध्ये आणि मुंबईतही लहान मर्चंट बँकर एसएमई (लघु व मध्यम कंपन्यांचे) आयपीओ करतात असे वाचले. तेथे सुरुवात करता येते का, आणि ते काम खरे फ्रंट ऑफिसचे असते का?

कोरपना_ते_मुंबई

अंजनगावच्या मित्रांशी मी बराचसा सहमत आहे. मोठी संस्था मिळत असेल तर ती घ्यावी. पण आयआयएमची निवड कॅटच्या गुणांबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही पाहते, आणि प्रत्येक संस्थेचे सूत्र वेगळे असते. म्हणून आधी आपले तिन्ही निकाल त्या सूत्रांत बसवून पाहावेत आणि मगच एक वर्ष द्यावे. धागाकर्त्याची परिस्थिती पाहता सी.ए.चा मार्ग मला अधिक सुरक्षित वाटतो, कारण त्यात मध्येच थांबावे लागले तरी शिकलेले वाया जात नाही. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असल्यास सी.ए.ची पहिली पायरी असलेली फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही, थेट इंटरमीडिएट या पुढच्या पायरीला नोंदणी होते. त्याचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर आर्टिकलशिप (सी.ए. फर्ममधील प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण) सुरू होते, जी २०२३ च्या नव्या योजनेनुसार तीनऐवजी दोन वर्षांची आहे. या काळात विद्यावेतन मिळते. ते मुंबईत राहण्यास पुरेसे नसते, परंतु घरून मागवायची रक्कम त्यामुळे बरीच कमी होते.

माझा आग्रह एवढाच आहे, की आर्टिकलशिप निवडताना घराजवळचे कार्यालय ही कसोटी ठेवू नये. इंटरमीडिएटचा अभ्यास घाटंजीत किंवा यवतमाळात बसून करा, कारण तेथे खर्च कमी आहे. आर्टिकलशिप मात्र मुंबईत किंवा पुण्यात, सूचीबद्ध कंपन्यांचे लेखापरीक्षण करणाऱ्या मोठ्या फर्ममध्ये घ्या. पुढे सी.ए. झाल्यावर व्यवहारपूर्व तपासणी किंवा मूल्यांकन करणाऱ्या विभागात दोन-तीन वर्षे काम करून सल्ला विभागात जाणारे अनेक जण आहेत. मी त्याच वाटेने आलो.

एसएमई आयपीओविषयी. मुंबई आणि राष्ट्रीय शेअरबाजारांनी लहान कंपन्यांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र मंच सुरू केले. तेथे सूचीबद्ध होणाऱ्या कंपनीचे आयपीओनंतरचे भरणा झालेले भागभांडवल २५ कोटींपर्यंत असू शकते. हे काम निश्चितच फ्रंट ऑफिसचे आहे. किंबहुना लहान चमूत नव्या मुलाला प्रवर्तकासमोर (कंपनीच्या मूळ मालकासमोर) बसायला लवकर मिळते आणि मसुद्याचे प्रत्येक प्रकरण स्वतः लिहावे लागते. मर्चंट बँकरची जबाबदारीही तेथे जड असते, कारण शेअर विकले जाण्याची पूर्ण हमी द्यावी लागते आणि तीतील किमान १५ टक्के हमी त्याला स्वतःच्या खात्यावर घ्यावी लागते. खप झाला नाही तर ते शेअर त्याच्याच गळ्यात पडतात.

याच मंचावर फुगवलेल्या हिशेबाच्या कंपन्याही आल्या, म्हणून सेबीने २०२५ मध्ये नियम कडक केले. मागील तीनपैकी कोणत्याही दोन आर्थिक वर्षांत किमान १ कोटीचा परिचालन नफा नसेल, तर आता कंपनीला तेथे येता येत नाही. नोकरी घेण्याआधी ती फर्म सेबीच्या नोंदणीकृत मर्चंट बँकरांच्या यादीत आहे का ते पाहा. तिच्याविरुद्ध सेबीचे आदेश आहेत का ते त्याच संकेतस्थळावर शोधा. आणि तिने आणलेल्या मागील पाच-सहा कंपन्यांचे पुढील वर्षाचे निकाल माहितीपत्रकातील आकड्यांशी ताडून बघा. कंपनी सूचीबद्ध होताच तिची विक्री कोसळली असे वारंवार दिसले, तर तेथे जाऊ नका. पहिल्याच नोकरीत कोणत्या कागदावर आपण काम केले, हे या व्यवसायात पुढे विचारले जाते.

हिंजवडीतील_वऱ्हाडी

एक भर घालते. सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या संस्थेची ‘मालिका नऊ’ ही मर्चंट बँकिंगची परीक्षा आहे. तिचे शुल्क खासगी अभ्यासक्रमाच्या मानाने अगदी किरकोळ असून अभ्यासाचे पुस्तक संस्थाच देते. केवळ तिच्यावर नोकरी मिळत नाही, पण आयपीओ, खुला प्रस्ताव आणि शेअर परत खरेदी यांचे नियम एका ठिकाणी वाचायला मिळतात. प्रमाणपत्र तीन वर्षेच वैध असते, त्यामुळे आताच घाईने परीक्षा न देता सध्या पुस्तक वाचावे, असे सुचवते.

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

वडिलांशी आणि मोठ्या काकांशी बोलणे झाले. अंतिम सत्राच्या निकालानंतर इंटरमीडिएटला थेट नोंदणी करण्याचे ठरले आहे. वाशीमच्या सरांनी सुचवलेला सोलर इंडस्ट्रीजचा अहवाल उतरवून घेतला. तो फार मोठा आहे आणि एकत्रित व स्वतंत्र अशी दोन प्रकारची पत्रके त्यात आहेत. कोणती घ्यावी आणि सुरुवात कोणत्या पानापासून करावी?

वाणिज्य_शिक्षक_वाशीम

एकत्रित पत्रके घ्या, कारण उपकंपन्यांचा व्यवसायही त्यांत येतो. प्रथम लेखापरीक्षकाचा अहवाल वाचा, विशेषतः त्याने ज्या बाबींकडे अधिक लक्ष दिल्याचे लिहिले आहे त्या. नंतर मागील पाच वर्षांचे नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोखप्रवाह पत्रक एक्सेलमध्ये हाताने उतरवा. आकडे चिकटवू नका, टंकित करा, म्हणजे प्रत्येक ओळ डोळ्यांखालून जाईल. प्रत्येक वर्षी रोखप्रवाहातील अखेरची शिल्लक ताळेबंदातील रोख रकमेशी जुळते का ते तपासा. जुळली नाही तर मुदत ठेवी आणि बँकेची अधिकर्षाची (ओव्हरड्राफ्टची) रक्कम कोठे दाखवली आहे, ते टिपांमध्ये शोधा. पाचही वर्षे जुळली की तक्ता येथे टाका. पुढील तीन वर्षांचा अंदाज कसा बांधायचा, ते कोरपन्याच्या दादांना विचारू.

कोरपना_ते_मुंबई

तक्ता टाकताना विक्रीच्या ओळीखाली अमोनियम नायट्रेटसारख्या कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किती टक्के आला, ही एक ओळ वाढवा. अंदाजाची सुरुवात तिथूनच करू.